टिल्लीच्या वहीतला चौथा रकाना

मंगळवार, १७ मार्च
दुपारचे अडीच

ती. आईंना,

सुनेचा वाकून नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, इथे सगळे ठणठणीत आहेत. टिल्लीसुद्धा. ते आधी सांगून टाकते, नाहीतर चष्मा सापडेपर्यंत तुमचा जीव टांगणीला लागायचा. फोन का नाही केला म्हणाल, तर फोनवर तुम्ही "बरं आहे हो" म्हणून तो वन्संच्या हातात देता, आणि मीही तोंड उघडते ते गळक्या नळाबद्दल बोलायला. नळ दुरुस्त झाला, हेही सांगते. तुमच्या चिरंजीवांनी केला. लोकांच्या घरच्या वायरी चुटकीसरशी जोडणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरच्या नळासाठी तीन रविवार लागले, आणि पुढचे दोन दिवस येईल-जाईल त्याला तो उघडून-बंद करून दाखवणं चालू होतं.

माझ्याकडे वाचनालयाची दीडशे पुस्तकं बांधणीला आली आहेत. काहींचे पुठ्ठे सुटलेत, काहींना पुठ्ठाच नाही. खिडकीपाशी तुमची खुर्ची असायची, तिथे शिवून झालेले गठ्ठे रचले होते. खुर्ची आत ठेवली होती. कुणाला दिलेली नाही, गैरसमज नको.

आता टिल्लीचे आकडे. ते मी तुम्हाला कधी नीट सांगितलेच नाहीत. तुम्ही विचारायचात, "आज किती गं?" मी नुसता आकडा तोंडावर फेकायचे. "म्हणजे बरं की वाईट?" असं विचारलंत की वसकन अंगावर यायचे. खरं सांगू? मलाच कळत नव्हतं.

तर ऐका. तिच्या फिट थांबाव्यात म्हणून डॉक्टरांनी हा लोणी-साय-अंड्यांचा आहार लावला. पाव, बटाटा, साखर बंद. पीठ-साखर मिळेनाशी झाली की शरीर चरबी जाळायला लागतं, आणि त्यातून कीटोन तयार होतात. बोटाला टोचून यंत्रात बघतो, ते रक्तात किती आहेत तेच. टिल्लीसाठी डॉक्टरांनी दोन ते पाच ठरवून दिले आहेत. पहिले तीन दिवस यंत्र ०.३, ०.४, ०.९ असं रांगत होतं. मी काटेवाल्या बाईंना (आपल्याला वजनकाटा दिला ना, त्या आहाराच्या बाई) फोन करून म्हटलं, यंत्र बिघडलंय, बदलून द्या. त्या हसायला लागल्या. "अहो, शरीराला सवय मोडायला वेळ लागतो. यंत्राशी कशाला भांडता?"

मग दहाव्या दिवशी ६.४ आला. आठवतं? मी नाचायचीच बाकी होते. जणू परीक्षेचे मार्कच मिळाले. आणि तुम्ही म्हणालात, "अगं, आकडा राहू दे, पोरीकडे बघ. मलूल पडलीय, हाक मारली तरी वर बघत नाही." तेव्हा कुठे मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सांगितला तेवढा, मोजून दोन चमचे फळांचा रस दिला, आणि तासाभरात ती उठून बसली. जास्त म्हणजे चांगलं नव्हे, हे मला यंत्रानं नाही, तुम्ही शिकवलंत. त्याबद्दल एक चांगला शब्द माझ्या तोंडून निघाला नाही.

इथे खरं तर मी पुन्हा नळाकडे वळणार होते. पण नको.

तो शुक्रवार. सकाळी ३.१ आणि संध्याकाळी ०.८. पंधरा दिवस शांततेत गेले होते, आणि टिल्लीला पुन्हा फिट आली. मी दारातच उभी होते. तुम्ही तिला कुशीवर वळवलंत, डोक्याखाली घडी केलेली चादर सरकवलीत आणि घड्याळाकडे बघत बसलात. डॉक्टरांनी सांगितलं होतं अगदी तस्सं. आणि ती झोपल्यावर मी काय केलं? तुमची पिशवी पलंगावर उपडी केली. "काय भरवलंत तिला?" असं ओरडले. तुम्ही दोनदा म्हणालात, "मी नाही गं काही दिलं." पिशवीत कंगवा, चष्म्याचं घर, रक्तदाबाच्या गोळ्या, आणि टिल्लीनं काढलेलं तुमचं चित्र, चार घड्या घातलेलं. मी तेही उलगडून झटकलं. बिस्किटाचा चुरा सापडतो का बघायला.

दुसऱ्या दिवशी तुम्ही वन्संकडे गेलात. चिरंजीव म्हणाले, "दिलंही असेल, पण आईनं मायेनंच दिलं असणार." म्हणजे त्यांनीही ते गृहीतच धरलं. तुमची बाजू घेणारं घरात कुणीच नव्हतं, आई.

तुम्ही गेल्यावर आकडे सुधारायला हवे होते ना? सुधारले नाहीत. दहा दिवसांनी आणखी एक फिट आली. मी काटेवाल्या बाईंसमोर रडले. त्या म्हणाल्या, "एका आकड्याकडे बघू नका, सगळी वही उघडून बसा." बसले. सकाळ कायम चांगली. संध्याकाळही चांगली, फक्त मंगळवार आणि शुक्रवारची पडलेली. रविवार तर फर्स्ट क्लास. मंगळवारी आणि शुक्रवारी आपल्याकडे असं काय असतं, म्हणून मी डोकं खाजवत होते, आणि समोर शेगडीवर पुठ्ठे चिकटवायची माझी खळ रटरटत होती. ती मी मंगळवारी आणि शुक्रवारीच शिजवते.

मग पुढच्या शुक्रवारी दोरा आणायला जाते म्हणून दार ओढून घेतलं आणि बाहेरून खिडकीतून बघितलं. टिल्ली टेबलाखाली. खळीचं भांडं मांडीत. दोन बोटं बुडवून चाटत होती, अगदी डोळे मिटून. मैदा तो मैदाच! पाव बंद झाल्यापासून पोरीचा जीव ज्यासाठी तळमळत होता, ते तिला माझ्या भांड्यात सापडलं होतं. कीड लागू नये म्हणून खळीत घालतात ते विषारी मोरचूद मी ती रांगायला लागल्यापासून बंद केलंय, म्हणून निभावलं. नाहीतर काय झालं असतं, या विचारानं अजून अंगावर काटा येतो.

मी ओरडले नाही, तुमची शपथ. आत येऊन तिच्याजवळ बसले आणि विचारलं, तर म्हणते कशी, "मी खाऊ नाही खाल्ला. मी पुस्तकाचं खाल्लं." तिच्या लेखी ते खाणंच नव्हतं! आणि आम्ही तिला विचारत काय होतो, तर "आजीनं काय दिलं?" ती बिचारी खरंच सांगत होती, काही नाही.

माझ्याच टेबलाखाली, माझ्याच भांड्यातून. आणि झडती तुमच्या पिशवीची.

आई, मी चुकले. नुसती चुकले नाही, वाईट वागले. हे कळून दीड महिना झाला. चिरंजीव म्हणाले होते, "मी सांगतो फोनवर." मी म्हटलं, नको, बोलले मी तर सांगायचंही मीच. असं बाणेदारपणे म्हटलं खरं, आणि रोज उद्यावर ढकलत राहिले. लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

खळ आता कपाटात असते, कुलपात. दीड महिन्यात एकही फिट नाही. टिल्ली जिना दोन-दोन पायऱ्या उतरते आणि मला उत्तरं देते. काल म्हणाली, तुझ्यापेक्षा मला बोट टोचायला जास्त चांगलं येतं. खरंच येतं. मी अजूनही डोळे मिटून घेते.

एक राहिलं. वहीत मी तीन रकाने आखले होते: सकाळ, संध्याकाळ आणि फिट. टिल्लीनं पुढे चौथा आखलाय, पट्टी न घेता, वाकडातिकडा. वर लिहिलंय "आजी". रोज तिसऱ्या रकान्यात मी "नाही" लिहिते, आणि मग पेन्सिल घेऊन चौथ्यात ती लिहिते, "नाही". मी एकदा म्हटलं, रोज कशाला लिहायचं ते? तर म्हणाली, "काटेवाल्या बाईंनी सांगितलंय, खरं असेल तेच लिहायचं."

आज सकाळी ३.४. फिट नाही. चौथा रकाना तिनं आज कोरा ठेवलाय. मी कुणाला पत्र लिहितेय ते तिनं ओळखलंय.

दीडशे पुस्तकं जमिनीवर उतरवलीत आणि तुमची खुर्ची खिडकीशी आणून ठेवलीय. गाडी कुठली धरताय तेवढं कळवा.

तुमची पिशवी उपडी करणारी,
आणि ती उचलून घ्यायला स्टँडवर येऊन उभी राहणारी,

तुमची सून