टोपलीतली मोठी

६ एप्रिल

लहानग्याची शेपटी आज पुन्हा कुरतडलेली!

माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत तीन नारंगी क्लाऊनफिश. तिघं एकाच पिशवीतून आले होते. तेव्हा सारखेच, नखाएवढे. वर्षभरात एक वाढली, मादी झाली. दुसरा तिचा नर. तिसरं तसंच राहिलं, ना नर ना मादी. वरच्या दोघांपैकी कुणाची जागा रिकामी झाल्याशिवाय ते वाढतच नाही. लहान राहणं हाच त्याचा बचाव. मोठी जवळ आली की आडवं होऊन थरथरतं. म्हणजे, मी काही नाही, मला सोड.

संध्याकाळी फक्त निळा दिवा ठेवते. मग खोलीची भिंत हलायला लागते. चिखलीत, समुद्रापासून इतक्या लांब, माझ्या पलंगापर्यंत पाणी येऊन जातं.

९ एप्रिल

नागपूरच्या हॉस्पिटलमधून फोन. डायलिसिस युनिटला मुख्य टेक्निशियन हवी आहे; इथे मी नुसती टेक्निशियन. आधी थोड्या दिवसांचं ट्रेनिंग, मग मेमध्ये हो-नाही कळवायचं.

ट्रेनिंगला जाईन. नोकरी घेणार नाही. घर कोण बघणार? बाबा गेल्यापासून सिलिंडर, वीजबिल, आईच्या गोळ्या – सगळं मीच. नागसेनदादाला गोळ्यांची नावंही येत नाहीत. वहिनीला या घरात येऊन पाच महिने झाले. आहे की नाही कळत नाही. विचारलं तर "हो ताई." नाही विचारलं तर तेही नाही.

आणि टाकी? माझ्याशिवाय आठवडाभरही टिकणार नाही.

१४ एप्रिल

जयंती. रस्ताभर निळे झेंडे, निळी रोषणाई. डीजेच्या ठोक्याने टाकीतलं पाणी शहारत होतं. बाहेरही निळं, आतही निळं – मध्ये काच आहे हे क्षणभर विसरले.

वहिनी पांढरी साडी नेसून दारात तयार. आई म्हणाली, "जाय ना मिरवणुकीत." वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. ती गेली नाही.

माझ्याकडे कशाला पाहायचं?

१९ एप्रिल

ड्युटीवरून आले तर टाकी काठोकाठ. रिफ्रॅक्टोमीटरने खारटपणा मोजला – १.०२९! सकाळी १.०२५ होतं.

वहिनी दारातून म्हणाली, "उन्हानं पाणी कमी झालं व्हतं ताई. मी भरलं. साधं नाही टाकलं, तुमच्या पिशवीतलं मीठ चांगलं टाकून भरलं." चेहऱ्यावर थोडा आनंद होता. म्हणजे काळजीने केलं होतं.

पाणी उडून जातं, मीठ उडत नाही. भर साध्या आरओ पाण्याची घालायची असते. हे मी तिला सांगू शकले असते. मी म्हटलं, "या टाकीला पुन्हा हात लावायचा नाही." आवाज चढवला नाही.

"हो ताई." भिंतीला लागून निघून गेली.

आई नंतर: "काऊन बोलली तिले असं? तुह्यं बोलणं म्हणजे बर्फ! पोरगी जेवली बी नाही."

थोडं थोडं करून पाणी बदलतेय.

२३ एप्रिल

अकोल्याच्या कुलदीपला फोन केला. मासे त्याच्याच दुकानातले. विचारलं, लहानग्याला परत घेतोस का? नाहीतर मरेल इथे.

"मॅडम, त्याले काऊन काढता? मोठीले काढा ना! जाळीच्या टोपलीत टाका, टाकीतच तरंगू द्या. बाकीचे मोकळे होतात. मंग दगडं हलवून सोडा तिले. तिलेही समजते, सारं पाणी आपलंच नाही."

म्हटलं, तिची काही चूक नाही. ती मोठी आहे इतकंच.

तो हसला. "हाव ना! म्हणूनच तं."

२४ एप्रिल

स्वयंपाकघरातून भाजीची प्लास्टिकची टोपली आणली, वहिनीला न विचारता. मोठी आत गोल गोल फिरते. छिद्रांतून बाहेर पाहते. तिला काय दिसत असेल?

२६ एप्रिल

पहाटेचं स्वप्न. डायलिसिसच्या नळ्यांतून नारंगी मासे सावकाश चाललेत. पेशंट म्हणतात, "राहू दे बाई, गार वाटते." मी मशीन बंद करत नाही.

२७ एप्रिल

उद्या नागपूर. दादाला सगळं दोनदा समजावलं. खाणं तूच घालायचं, पाणी तूच – आणि साधंच!

२ मे, नागपूर

इथे मला कोणी विचारून काही करत नाही. विचित्र हलकं वाटतं. डोळे मिटले की भिंत निळी हलते.

७ मे

न कळवता आले. चप्पल काढतानाच माझ्या खोलीतून हसणं ऐकू आलं. आईचं ओळखलं. दुसरं कोणाचं ते कळेना.

वहिनीचं!

"आई, हा मधला पाहा, तुमच्या लेकावानी चालून राह्यला. मान ताठ, अन् बायको मांगं कुठं राह्यली, पत्ता नाही!"

"हट वं, माह्या नाग्याले नावं ठेवतं?" – आणि आई पदर तोंडाला लावून हसत होती. अशी हसताना तिला बाबांनंतर पाहिलं नव्हतं.

मी आत गेले. आईने पदर तोंडावरून काढला. वहिनी उठून भिंतीला लागली. "ताई, मी हात नाही लावला..."

"लावला तिनं," आई म्हणाली. "नाग्याले जमते का? रोज तिनंच केलं."

मोजलं. १.०२५. काचेवर लाल नेलपॉलिशची बारीक रेघ. पाणी बरोबर तिथवर. आईच्या गोळ्यांचा डबा वारांप्रमाणे भरलेला. लहानगं समोर, मधोमध पोहत होतं. शेपटी भरून आली आहे. मला पाहून आडवं झालं नाही.

मोठी टोपलीत. तिच्यासमोर अंधार पडेपर्यंत बसून राहिले.

९ मे

दगड हलवायचे होते. वहिनीला बोलावलं. "हा कुठे ठेवू?" तिने माझ्याकडे पाहिलं. मी थांबले. बराच वेळ थांबावं लागलं.

"तिकडं. कोपऱ्यात."

तिकडेच ठेवला. मग टोपली उघडली. मोठी बाहेर आली आणि जागच्या जागी थांबली, परक्या घरात आल्यासारखी. लहानगं तिच्या पुढून गेलं. तिने काही केलं नाही.

१० मे

नागपूरला हो कळवलं. दादा: "पण काऊन? घरी काय कमी आहे तुले?"

कमी काहीच नाही.

टोपली धुऊन वहिनीला परत दिली. म्हणाली, "ठेवा ना ताई, लागंल पुन्हा."

म्हटलं, आता नाही लागणार. मी जातेय.