मोहिनीचा कोंडा

१२ जानेवारी २००९, सोमवार
आजपासून नोंद ठेवणार. शुद्ध लिहिणार. शाळा नववीत सुटली, ऱ्हस्व-दीर्घ सुटले नाहीत.
मामांच्या वरातीच्या घोडीला, मोहिनीला, थंडीने कोंडा झाला आहे. तांबड्या अंगावर हात फिरवला की पांढरे भुरभुर पडते. ८ फेब्रुवारीला इथे आमच्या गावात, कोहमाऱ्यातच वरात आहे. मामा म्हणाले, ईश्वर, तोवर साफ नाही झाली तर देवरीच्या भैय्यालालले देऊन टाकतो, त्याची बग्गी रिकामी आहे. मी म्हणालो, पंधरा दिवसांत आरसा करतो. मामा हसले. का, कळले नाही.

१३ जानेवारी
शाम्पूच्या चार पुड्या. मोहिनी थरथरली. सुरुवात अशीच असते.

१७ जानेवारी
पाच दिवस, पाच अंघोळी. मामी म्हणाली, काऊन रोज धुऊन राहिला तिले, पाहाले पाहुणे येऊन राहिले का? कोंडा वाढला. म्हणजे आतला बाहेर येतो आहे. चांगली खूण.

१९ जानेवारी
जनावरांच्या डॉक्टरांना फोन. घाईत होते. जसेच्या तसे: अंघोळ थांबव. रोज ब्रश कर. खाण्यात जवस दे. कोंडा बंद झाला की कळव, नाहीतर मीच येऊन पाहतो.
'कोंडा बंद'खाली दोन रेघा मारल्या. राईस मिलचा कोंडा तिला रोज घमेलेभर घालतो. खाल्लेला कोंडाच अंगावर येतो, हे कोणाच्या लक्षात आले नव्हते. डॉक्टर शिकलेले आहेत.

सायं. ६
घमेले उचलून माळ्यावर टाकले. फोन: सर, कोंडा बंद झाला. ते म्हणाले, एका दिवसात? शाब्बास! मग मी येत नाही.
आनंदाने जेवण गेले नाही.

२४ जानेवारी
ब्रश सकाळी दोनशे, संध्याकाळी दोनशे. जवसाची मामीने चटणी केली. जवस घरात आले, हे मुख्य. अंघोळ पूर्ण बंद. फक्त दोन बादल्यांनी पुसतो, साबण थोडा.
मोहिनी घमेल्याच्या जागेकडे पाहत राहते. मन घट्ट केले.

३० जानेवारी
भैय्यालाल आला. तिच्या बरगड्यांवर बोट फिरवून मामांना म्हणाला, शालीकरामभाऊ, ये टट्टू है कि पापड? मामाही हसले. तो शब्द या वहीत पुन्हा येणार नाही.
मोहिनीने माझ्या शर्टाची बाही चावून खाल्ली. माया आहे.

६ फेब्रुवारी
कोंडा पाठीवरून मानेपर्यंत. पण उपाय सुचला. नवरदेव अश्विन बौद्ध घरचा, लग्नात पांढरे कपडे. पांढऱ्यावर पांढरे दिसत नाही. आता झोप लागेल.

७ फेब्रुवारी
लागली नाही.

८ फेब्रुवारी, रविवार
अश्विन काळ्या सुटात आला. पांढरे कपडे मंगल परिणयाला, म्हणजे लग्नविधीला; वरातीला सूट. हे मला कोणीतरी सांगायला हवे होते.
बँड वाजला, मोहिनीने अंग झाडले. नवरदेवाची बहीण रंजिता ओरडली, दादा, राईस मिलमधून येऊन राहिला का रे? सारी वरात हसली. चौकात मोहिनीचे पाय लटपटले. अश्विन उतरला, सूट झटकला आणि पुढे चालत गेला.
मामांनी लगाम माझ्या हातातून काढून घेतला. शिव्या दिल्या असत्या तर लिहून ठेवल्या असत्या.

९ फेब्रुवारी
सकाळी टेम्पो आला. मोहिनी चढेना. मी बाही पुढे धरली, तेव्हा चढली. ब्रशही द्यायला गेलो. भैय्यालालने घेतला नाही.

१५ मार्च
देवरीला सहज गेलो. मोहिनी चकाकते. तोंड घमेल्यात, घमेल्यात कोंडा. भैय्यालाल म्हणतो, रोज देतो, वरून मूठभर जवस.
डॉक्टरांना कळवणे कर्तव्य. फोन: सर, कोंडा पुन्हा चालू झाला आणि घोडी एकदम बरी झाली. ते म्हणाले, कोणता कोंडा रे?
फोन कट झाला. मी केला.
दोन्ही शब्द लिहायला सारखेच. शुद्धलेखनाची चूक नाही.
भैय्यालाल म्हणाला, उद्याच्या वरातीत छत्री पकडनेवाला आदमी चाहिये, पर घोडी को हाथ नहीं लगाने का. मी साफ नाही म्हणालो.
देवरीची पहिली बस साडेसहाला आहे. जुनाच शर्ट घालणार, एका बाहीचा.