रमची सीलबंद बाटली व इतर मिळकत

मी, मालन नंदकुमार साटम, वय एकाहत्तर, धंदा परमिट रूम चालवणे, राहणार नवघर रोड, मुलुंड पूर्व, हे मृत्युपत्र राजीखुशीने करून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. कोणी टाकायला आला असता तर मला त्याचीच दया आली असती. मी कोणत्याही अमलाखालीही नाही. इतकी वर्षे बार चालवूनही मी कधी एक घोट घेतलेला नाही. कालच्या एका बोटाचा काय तो अपवाद, तो कलम सहामध्ये येईल. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. तसा दाखला डॉ. संघमित्रा कांबळे यांनी तपासून दिला असून तो सोबत जोडला आहे.

कलम १. माझे पती नंदकुमार दोन हजार पाच साली वारले. मुलगी एकच, जान्हवी. बँकेतली नोकरी सोडून ती माझ्याबरोबर गल्ल्यावर बसते आणि माझ्यापेक्षा गोड बोलते. धाकटे दीर शरच्चंद्र भावोजी आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहतात. वीस वर्षांत आमचे बोलणे “पाणी आले का” याच्यापुढे गेले नव्हते.

कलम २. ‘सागरतीर’ परमिट रूमचा गाळा माझ्या नावावर आहे. तो, आतले फर्निचर, फ्रीज, भांडीकुंडी आणि मिळवलेले नाव यांसकट एकट्या जान्हवीला मिळावा. परवाना आपल्या नावावर होण्यासाठी तिने रीतसर अर्ज करावा. या मृत्युपत्रातली बाकीची कलमे मोडली तरी मला चालेल, हे टिकले पाहिजे.

ते टिकेल का ही धाकधूक मला होती, तिचे कारण सांगते. नंदकुमारांचे तेरावे झाल्यावर भावोजी खाली आले आणि म्हणाले, “वयनी, बाईमाणसान बारात बसणां बरां दिसणा नाय. चावी माझ्याकडे द्या.”

मी म्हटले, “इतकी वर्षं माल कोण लावत होतं? मीच ना? मग गल्ल्याला काय काटे आहेत?”

त्यांनी केस केली. नवरा गेल्यापासून हिचे मन ठिकाणावर नाही, हिला कारभार कळत नाही, असे त्यांनी कोर्टात शपथेवर सांगितले. कोर्टाने ते मानले नाही. मला मात्र ते फार लागले, अजून लागते. माझ्या पोरीला उद्या तेच ऐकावे लागू नये, म्हणून हा सगळा खटाटोप आहे.

कलम ३. मालखोली जान्हवीकडे जाईल, पण तिथली रीत बदलू नये. नवी पेटी मागे, जुनी पुढे. बिअर दुधाच्या नात्यातली आहे. तिला तारीख असते, आणि ऊन किंवा उकाडा लागला की ती तारखेचीही वाट बघत नाही. व्हिस्की, रम, ब्रँडी सीलबंद आणि सावलीत असतील तर आपल्याला पुरून उरतात. पण बाटलीत ती मुरत नाहीत. मुरायचे ते पिंपात. बाटलीत उतरली की वय तिथेच थांबते. तेव्हा एखादे गिऱ्हाईक “जुना माल काढा” म्हणाले तर जादा दर लावू नये, आपल्याकडे फक्त धूळ जुनी असते.

बुचाची बाटली उभी ठेवावी. आडवी ठेवली तर दारू बूच खाते. फोडलेली बाटली अर्ध्यावर आली की लवकर संपवावी, कारण आत हवा वाढते तशी चव उतरते. दुधाची साय घातलेली गोड दारू कोणी परदेशातून आणून दिली तर ती शोभेला ठेवू नये, आठवडाभरात वाटून टाकावी. ती नासते, आणि नासल्यावर जो वास येतो तो मी एकदा घेतला आहे.

कलम ४. काउंटरवरचे चंद्रप्रकाश यांना माझे पितळी पेगमाप द्यावे. माप मारायला त्यांनी त्यात कधी अंगठा बुडवला नाही. या धंद्यात यापेक्षा मोठी शिफारस मला माहीत नाही. एकतीस डिसेंबरच्या गर्दीत तारीख संपत आलेल्या पेट्या माझ्या गळ्यात मारणारा बिअरचा एक सेल्समन होता. तो माझ्या दहाव्याला आला तर त्याला चहा द्यावा, ऑर्डर देऊ नये.

कलम ५. राहता फ्लॅट, बँकेतली शिल्लक व पाटल्या जान्हवीच्या. देवगडच्या घरातला माझा हिस्साही तिचाच. पितृपक्षात नंदकुमारांच्या पानावर आपण एक पेग रम ठेवतो, ते चालू ठेवावे. माझ्या पानावर सोलकढी पुरे.

कलम ६. हे कलम काल दुपारी बदलले.

‘सागरतीर’ उघडले त्या दिवशी दोघा भावांनी पहिल्या मालातून एक रम आणि एक बिअर बाजूला काढली होती. बारला पंचवीस वर्षे झाली की दोघांनी मिळून फोडायची. पुढे केस झाली, आणि या बाटल्यांचीही वाटणी झाली. भावोजी बिअरवाले, ते बिअर घेऊन गेले आणि ती त्यांनी शोकेसमध्ये ठेवली, थेट पश्चिमेच्या खिडकीसमोर. गच्चीवर जाताना त्यांचे दार उघडे असले की ती मला दिसायची आणि जीव तळमळायचा. वैर असू दे, पण माल असा उन्हात? रम माझ्याकडे मालखोलीत, अंधारात, उभी. पंचविसावे वर्ष आले आणि गेले, कोणी काही फोडले नाही.

आधी या जागी मी लिहिले होते की माझ्यामागे ती रम भावोजींना द्यावी, कारण त्यांची बिअर मेलेली आहे आणि त्यांना ते कोणी सांगणार नाही. पण वकील मानसी म्हणाल्या की साक्षीदार दोन लागतात. मी विचारले, “उद्या जो भांडायला उठेल असं वाटतं, त्यालाच साक्षीला बसवला तर?” त्या हसल्या. म्हणाल्या, “बसवा. पण मग त्यांच्या नावे काही ठेवू नका. साक्षीदाराला वाटा नको.”

म्हणजे रम द्यायची तर सही नाही आणि सही घ्यायची तर रम नाही. मी सही निवडली. रम हयातीतच देता येते, त्याला कुठला कायदा आडवा येतो?

गुडघ्यांना शिव्या देत मी जिना चढले आणि भावोजींची बेल वाजवली. म्हटले, “मृत्युपत्राला साक्षीदार हवाय.”

“माका बोलवतास?” ते म्हणाले. “तुमच्यार केस करणारो तो मीच मां?”

“म्हणून तर.”

“आणि बार?”

“जान्हवीला. तीही बाईमाणूसच आहे.”

त्यांनी दार पूर्ण उघडले. मग म्हणाले, “मसुदो वाचूक देशात?”

ते काल दुपारी खाली आले ते बिअरची बाटली छातीशी धरून. मी नको म्हणत असताना त्यांनी ती फोडली. फेस नाही, रंग काढ्याचा, तळाशी तुकडे, वास ओल्या पुठ्ठ्याचा. त्यांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, “बरी आसा.” दुसरा घोट घेऊन ते म्हणाले, “नाय वयनी. मेली ही.” आणि मोरीत ओतून आले.

मग मी रम आणली. बोटभर उतरली होती, झाकण घट्ट बसले होते, पण वास जसाच्या तसा. पहिला पेग त्यांनी नंदकुमारांच्या फोटोपुढे ठेवला. “दादा, उशीर झालो,” म्हणाले आणि रडले. मीही रडले. वीस वर्षे या माणसाचा राग केला, आणि त्याच वीस वर्षांत या माणसाशी बोलायची मला ओढ होती, हे मला काल कळले. मी एक बोट बुडवून जिभेला लावले. जळजळते. लोक यासाठी पैसे का मोजतात ते मला अजून समजलेले नाही.

उद्या कोणी म्हणेल की बाईने घेऊन सही केली. तर रम काल, सही आज. उरलेली बाटली मी काल स्वतः भावोजींच्या हातात दिली आहे. ती माझ्या मिळकतीत धरू नये. त्यांनी ती वर्षाच्या आत संपवावी आणि खिडकीत ठेवू नये.

हे माझे शेवटचे मृत्युपत्र. वाचून घेतले, पटले, सही करते.

ठिकाण: मुलुंड पूर्व, मुंबई
दिनांक: २२ नोव्हेंबर २०२५

(सही) मालन नंदकुमार साटम

साक्षीदार १: मालनताईंनी आम्हा दोघांसमोर सही केली व आम्ही त्यांच्यासमोर.
(सही) डॉ. संघमित्रा कांबळे

साक्षीदार २ (स्वहस्ते): वहिनींनी माझ्या देखत सही केली. त्यांची बुद्धी शाबूत आहे. २००५ सालीही होती.
(सही) शरच्चंद्र साटम