अवंतिकाच्या खोलीतला वारा

ग्योतोकु, जपान,
मे महिन्याचा शेवटचा रविवार

तीर्थरूप विश्वनाथमामांस,

कादंबरीचा साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही ठीक आहोत (किती ठीक, ते पुढे येईलच). तुमचा गुडघा, तुमची पहाटे फिरायला जाणारी मंडळी आणि तुमचा राग, तिघांची प्रकृती कशी आहे? पहिल्या दोघांची खबर आई देते. तिसऱ्याची मला इथे बसून कल्पना आहे, कारण जानेवारीत नाशिकला परत गेल्यापासून तुम्ही माझा एकही फोन उचललेला नाही. मेसेजवर निळ्या खुणा उमटतात, म्हणजे वाचता, पण उत्तर देत नाही. म्हणून हे पत्र. पोस्टानं आलेला कागद न वाचता ठेवणं तुमच्याच्यानं व्हायचं नाही. तुम्ही विजेच्या बिलाची मागची बाजूसुद्धा वाचता.

राग टोपीचा आहे, हे मला माहीत आहे. मामीनं तिच्या शेवटच्या हिवाळ्यात विणलेली, तपकिरी, वर जांभळा गोंडा असलेली तुमची माकडटोपी आमच्याकडे हरवली. त्यात, जपानसारखा प्रामाणिक देश नाही, असं मी तुम्हाला विमानतळावरून येतानाच सांगून बसले होते, ते तुम्ही मला अजून ऐकवता आहात (न बोलता ऐकवण्यात तुमचा हात धरणारं आपल्या घरात कुणी नाही). अहो मामा, त्या टोपीसाठी मी काय करायचं बाकी ठेवलं? स्टेशनवरच्या हरवल्या-सापडल्याच्या खिडकीवर गेले. कोबानात, म्हणजे कोपऱ्यावरच्या पोलीस चौकीत गेले. तिथल्या तरुण पोलिसाला माकडटोपी म्हणजे काय ते कळेना, तेव्हा मी ओढणी डोक्याला गुंडाळून, नुसते डोळे आणि नाक उघडं ठेवून त्याच्यासमोर उभी राहिले आणि त्यानं माझं चित्र काढलं. ते चित्र पाहून कुणालाही वाटेल की इथे टोपी नाही, दरोडेखोर हवा आहे. स्टेशनवरून अजूनही अधूनमधून फोन येतो आणि टोपी सापडली नाही म्हणून ती माणसं माझी माफी मागतात. आणि तुम्ही मात्र गंगापूर रोडवर भेटेल त्याला सांगता की जपानमध्ये टोपी चोरीला गेली!

असो. टोपीवर परत येते. आधी खोकला.

तुम्ही गेल्यावर अवंतिका आपल्या खोलीत परत झोपायला लागली (तुम्ही होतात तेव्हा ती आमच्या खोलीत होती, आठवतंय ना) आणि फेब्रुवारीत तिला खोकला लागला. कोरडा, ठसक्याचा, झोपलं की सुरू होणारा. डॉक्टरांनी छाती तपासली, छाती स्वच्छ आहे, घरातली हवा बघा म्हणाले. बस्स! अनुरागला एवढंच हवं होतं. त्यानं ताबडतोब निकाल दिला की घरातली हवा म्हणजे माझी फोडणी. मोहरी तडतडते, हिंग उडतो, लसूण जळतो, ते सगळं जाऊन एसीत बसतं आणि तिथून पोरीच्या घशात उतरतं. ज्या माणसानं लग्नाआधी माझ्या हातच्या आमटीवर जीव ओवाळून टाकला होता, त्यानं घरात फोडणीबंदी केली, मामा! मार्चपासून आम्ही उकडलेलं वरण, उकडलेला फ्लॉवर आणि उकडलेली तोंडं घेऊन जेवायला बसतो आहोत. आणि एवढं करून खोकला जागच्या जागी. पोरगी खोकून खोकून अर्धी झाली, शाळेत सगळी तिच्याकडे वळून बघतात म्हणून रोज मास्क लावून जायला लागली. तिची ती दशा बघून माझा जीव तुटायचा. मग मी ठरवलं की आता काहीही होवो, हा खोकला घराबाहेर काढल्याशिवाय मी स्वस्थ बसणार नाही. तुमचीच भाची आहे, माघार घ्यायला कुणी शिकवलेलंच नाही.

एसी साफ करणाऱ्या लोकांना बोलवायचं ठरलं. इथे मे महिन्यात साऱ्यांना एकदमच आपापल्या एसीची आठवण होते, त्यामुळे तारीख मिळता मिळेना. रोज फोन करून मी त्यांच्या ऑफिसात फोन घेणाऱ्या बाईंना इतकं हैराण केलं की शेवटी माझा आवाज ऐकल्याबरोबर त्या स्वतःच तारीख सांगायला लागल्या. मग मी घर साफ करायला घेतलं. (हसू नका. साफ करणारा माणूस येऊन आपलं घर घाणेरडं बघणार, हे मला कसं चालेल?) पडदे धुतले, जाळी पुसली, एसी बाहेरून घासून लख्ख केला. अनुराग म्हणाला, आता त्यांच्यासाठी काय ठेवलंयस? मी म्हटलं, पोहे. पण पोह्यांना फोडणी लागते, आणि घरात बंदी. शेवटी दडपे पोहे केले, तेही बिनफोडणीचे. पाहुण्यासमोर अशी नामुष्की माझ्यावर कधी आली नव्हती.

मोरी-सान म्हणून एक ठेंगणे, गोल चेहऱ्याचे गृहस्थ आले. दारात बूट काढले, पायातले मोजे काढून पिशवीतले कोरे मोजे चढवले, मला वाकून नमस्कार केला, आणि शपथेवर सांगते, एसीलाही केला. कामावर असताना काही खाता येत नाही म्हणून पोह्यांची माफी मागितली. मी म्हटलं, आमच्याकडे कुणी तोंड कोरडं ठेवून जात नाही. त्यांनी परत माफी मागितली. मी परत बशी पुढे केली. असं बराच वेळ चाललं आणि शेवटी डबा भरून त्यांच्या हातात दिला तेव्हा कुठे आम्ही दोघं मोकळे झालो. मग त्यांनी एसीभोवती प्लास्टिकचं झबलं बांधलं, आत फवारा मारला आणि खाली बादलीत जे पाणी आलं ना मामा, ते डांबर होतं, डांबर! त्यांनी ते मला अदबीनं दाखवलं आणि ओतून द्यायला निघाले. मी बादली धरून ठेवली. म्हटलं, हे पाणी कुठेही जाणार नाही, हे माझ्या नवऱ्यानं बघायचंय. अनुराग ऑफिसातून आला, बादलीत डोकावला, आणि त्यातल्या काळ्या कणांकडे बोट दाखवून शांतपणे म्हणाला, ही बघ मोहरी.

ती बुरशी होती हो! पण खोकला तरी जायला हवा होता ना? नाही गेला. अनुराग मुकाट्यानं उकडलेला फ्लॉवर चावत राहिला आणि माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता, इतका त्याला आनंद झाला होता.

मी परत फोन केला. (बाईंनी हॅलोच्या आत तारीख दिली.) म्हटलं, आता भिंतीतले आणि छतातले हवेचे मार्ग साफ करा. इथल्या घरांत ती एक व्यवस्था असते. प्रत्येक खोलीच्या भिंतीत झाकणवालं एक गोल भोक, त्यातून बाहेरची हवा आत येते, आणि बाथरूमच्या छतातला पंखा दिवसरात्र चालू राहून ती छतातल्या नळीवाटे बाहेर ओढतो. अवंतिकाच्या खोलीतलं ते भोक तुम्हाला चांगलं आठवत असेल. भिंतीला भोकं पाडून माणसाच्या टाळूवर वारा सोडणारा हा कसला देश, असं तुम्ही रोज सकाळी चहाबरोबर विचारायचात. ते बंद करायचं नाही, खोली कोंदते, असं मी तुम्हाला बजावलं होतं. बजावलं होतं ना?

मोरी-सान आले (डबा धुऊन, वर त्यात संत्री भरून). त्यांनी ते झाकण फिरवून काढलं, आत हात घातला आणि थबकले. मग हळूहळू, कोंबडीखालचं अंडं काढावं तसं, काहीतरी ओढून बाहेर काढलं. बुरशीनं पांढरं झालेलं, ओलं, कुबट. जमिनीवर एक पांढरं फडकं अंथरलं, त्यावर ते ठेवलं, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून मला विचारलं, ही आपली जपून ठेवलेली वस्तू आहे का? मी बघितलं. जांभळा गोंडा!

मामा!! चोरी म्हणे! अख्ख्या देशावर आळ घेतलात, मला ओढणी गुंडाळून पोलिसांपुढे उभी केलीत, आणि टोपी इथे, तुमच्याच उशाशी, भोकात कोंबलेली! थंडी वाजत होती तर दुसरं पांघरूण मागायचं. ते भोक बंद झालं म्हणून त्या खोलीत बुरशी धरली, पोरीनं चार महिने खोकला सोसला आणि माझ्या फोडणीनं फुकट शिक्षा भोगली. कोंबलीत ती कोंबलीत, वर विसरलात, आणि वर रुसलात! भोक मोकळं झाल्यापासून पोरगी शांत झोपते आहे. अनुरागनं काल स्वतःच्या हातानं मोहरी तडतडवून माफी मागितली (जाळली, पण भावना पोचली). टोपी मी कोमट पाण्यात धुऊन, सावलीत वाळवून, या पत्राबरोबर पार्सल करते आहे. ती घाला आणि निदान फोन उचला.

तुमची भाची,
कादंबरी

ता. क. हे सगळं लिहून झाल्यावर टोपी खोक्यात भरायला घेतली, तर अवंतिका खोकं धरून रडायला लागली. म्हणजे तुम्ही एव्हाना "मी नाही कोंबली!" म्हणून जे ओरडत असाल, ते खरं आहे. तिनंच कोंबली. आजोबांच्या डोक्याला वारा लागतो म्हणून टेबलावर चढून, तुम्ही निघायच्या आधी दोन दिवस. तुम्ही आरडाओरडा केलात आणि ती घाबरून गप्प बसली. पत्र खोडून परत लिहिणार नाही, माझा हात दुखतो आहे, आणि देशावर आळ घेतल्याबद्दल तुम्हाला एवढं बोलणं पाहिजेच होतं. माझं पांघरुणाचं वाक्य तेवढं मागे घेते.

ता. क. २. मी तिला विचारलं, अगं, आजोबा निघाले तेव्हा तरी काढून द्यायचीस. ती जपानीत म्हणाली (रडताना ती जपानीतच रडते) की हे वासुरेमोनो आहे, विसरलेली वस्तू. विसरलेली वस्तू इथे कुणी टाकत नाही आणि पोस्टानं पाठवत नाही, जपून ठेवतात, आणि ज्याची असेल त्याला ती न्यायला स्वतःच यावं लागतं. शाळेत तसंच असतं म्हणे.

ता. क. ३. तेव्हा पार्सल रद्द. डिसेंबरात या. भोक उघडंच राहील, म्हणून येताना डोक्याला दुसरं काहीतरी आणा, कारण ही टोपी तुम्हाला परत निघतानाच मिळेल, आणि तेव्हाही मिळेलच असं अवंतिका काही म्हणत नाही.