किनारा गप्प राहिला तो दिवस

बाबा, तू असतास तर आधी पोट धरून हसला असतास. जन्म दर्यावर काढलेल्या माणसाची पोर एसीत बसून विमानांची भुतं बघते! खोटं नाही सांगत. रडारला विमानाचं उत्तर सरळ येतं, तसंच खाडीकाठच्या नव्या काचेच्या टॉवरवर आपटूनही येतं. मग पडद्यावर एकाची दोन विमानं. दुसरं दिसतं तिथे नुसतं आभाळ. ते यंत्र सांभाळणं माझं काम. विमानांशी बोलणारी पोरं ओरडतात, "ताई, तुमचं भूत आलं हो!" आणि पुन्हा चहाला लागतात.

आज दुपारी नेहमीच्या जागी ठिपका आला. कुणी मान वर केली नाही, मीही नाही. मग एकदम लक्षात आलं, पडद्यावर त्या वेळी उतरणारं एक विमान होतं, पण त्या जागी ज्याचं भूत पडावं असं एकही नव्हतं. भूत आहे, तर अंग कुठाय? मी किंचाळलेच. पोराने त्या ठिपक्याच्या रोखाने खाली उतरणाऱ्या विमानाला तसंच वर चढवलं. तो ठिपका म्हणजे समुद्रातल्या तेलविहिरीवरून परतणारं हेलिकॉप्टर होतं, रेडिओ बंद पडलेलं. थोडक्यात निभावलं.

लगेच साहेबांनी बैठक घेतली. "भुतांमुळेच पोरं बेसावध होतात. फिल्टर लावा, त्या जागेचं काही दिसायलाच नको." मी म्हटलं, "आणि खरंच कुणी असलं तर?" तर म्हणे, "आजच्यासारखं रोज थोडंच होतं?"

मला आपल्या गावचा, थळचा किनारा आठवला. धुकं पडलं की बायका पत्र्याचे डबे बडवतायत, होड्या त्या रोखाने येतायत. मग धक्क्याची उंच भिंत झाली आणि तिच्यावर आपटून आवाज दोन बाजूंनी यायला लागला. तू एकदा होडी खडकाला घासून आलास आणि आईवर खेकसलास, "बंद करा ते डबं! वाट दावतात का चकवतात?" गावानेही मानलं. पुढच्या धुक्यात आई डबा घेऊन उभी होती, पण बडवला नाही. खडकावर तुझी होडी फुटली, ते आम्हाला धुकं विरल्यावर दिसलं. आई अजून म्हणते, "त्यानंच सांगितलं व्हतं, म्हणून गप ऱ्हायले."

उद्या सकाळी फिल्टर माझ्याच हाताने चालू व्हायचा आहे. बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. हे पत्र तुला धाडू तरी कुठे? आईला वाचून दाखवायची तर हिंमतच नाही. पण खरं सांगू, बाबा? तो ठिपका दिसायचा बंद झाला, भूत की माणूस हे ओळखायचं माझ्यावर राहिलं नाही, की मला बरं वाटणार आहे.