बोरकुटे अवस्था

६ जानेवारी १९५७, रविवार. सावली.
आजपासून विज्ञान. रोज दोन तास. पान-सुपारी बंद. नागपूरच्या कॉलेजातल्या सोमाजीने चिमूटभर पांढरी पावडर पाठवली. अजब पदार्थ. १४५ डिग्रीला वितळून दुधासारखा गढूळ होतो, १७९ला एकदम नितळ. गढूळ असताना धड द्रव नाही, धड स्फटिक नाही. माझा प्रश्न: मातीच्या बारीक छिद्रांत कोंडला, तर या डिग्र्या बदलतील का? सोमाजीच्या मते थोड्या खाली याव्यात. २८ला आमची शाळा तपासायला तपासनीस साहेब येताहेत. चांद्याच्या हायस्कुलात सायन्स टीचरची जागा आहे, शिफारस त्यांच्या हाती. जागा माझीच समजावी.

८ जानेवारी.
कुंभाराकडून कोरं मडकं आणलं, चुलीजवळ ठेवलं. पान एकच खाल्लं. त्याशिवाय डोकं चालत नाही.

११ जानेवारी.
मडकं फोडलं. खापरीचे तुकडे हवे होते. बायको, भागीरथा, तासभर बडबडली, मेहनत वाया गेली म्हणे. मडकं मी आणलं, मेहनत हिची कसली? ऐकून घ्यायला वेळ नव्हता.

१३ जानेवारी, सकाळी १०.
भागीरथा मार्कंड्याला दर्शनाला गेलेली. लुडबूड नाही. तुकडा पावडरीत घोळवून वाळूच्या कढईत तापवला. १४५: गढूळ. १७०: तपकिरी!! घन, गढूळ, नितळ या तीन अवस्था जगाला ठाऊक. ही चौथी. नाव ठरवलं: बोरकुटे अवस्था. वास भाजल्या तांदळासारखा. परदेशी ग्रंथांत वासाचा उल्लेख नाही. नाक कमी पडलं असावं. आनंदात तीन पानं.

२० जानेवारी.
सोमाजीचं पत्र. तपकिरी म्हणजे काहीतरी जळलं असेल, दुसऱ्या मडक्यावर करून पाहा म्हणतो. मत्सर. उरलेली पावडर साहेबांसाठी राखली आहे.

२५ जानेवारी.
चांद्याला भाड्याच्या खोलीची चौकशी केली. पान मोजणं बंद.

२८ जानेवारी, सोमवार.
साहेब जेवायला घरी. आधी ओसरीवर प्रयोग. १७०ला तपकिरी, अगदी वेळेवर. अर्धा तास समजावलं. साहेब नाक पुढे करून ऐकत होते. मला धन्य वाटलं. तेवढ्यात भागीरथा पानं वाढली सांगायला आली आणि दारातच थांबली.

"पेज करपून राह्यली जी. नवं मडकं मीनंच पेजेत शिजवून ठेवलं होतं, भोकं बुजाले. नाई त झिरपते. तुमी फोडाच्या आंधी मले इचारलं काऊन नाई?"

म्हणजे माझा पदार्थ छिद्रांत शिरलाच नाही. तिथे आधीच पेज बसलेली.

साहेबांनी वही काढली. मी सरसावून बसलो. पेज किती दाट, किती वेळ शिजवायचं, वाळवताना सावलीत की उन्हात, सगळं भागीरथेला विचारून लिहून घेतलं. त्यांच्या घरचं मडकं झिरपतं म्हणे.

निघताना मी चांद्याच्या जागेची आठवण केली. साहेब म्हणाले, जेवण छान होतं.