बाबांचा डावा पाय

तीर्थरूप आईस,
पायांवर डोकं ठेवून लिहितो.

बाबा बरे आहेत, जेवतात. पण आज जे पाहिलं, ते तुला लगेच कळवायलाच हवं.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी त्यांना टीव्हीसमोर चटईवर उभं केलं. नाचाचा खेळ होता. पडद्यावर जो बाण येईल, चटईवरच्या त्याच बाणावर पाय टाकायचा. आम्ही नाचलो तर उठून जाणारे बाबा, मला वाटलं, आता चिडणार.

पक्षाघातापासून फरफटणारा डावा पाय त्यांनी उचलला आणि बरोबर बाणावर ठेवला. पुढच्या बाणाला तोल गेला, बाईंनी सावरलं. मी धावलो तर म्हणाले, "सरक, बाण दिसत नाही."

तीन महिन्यांतलं हे त्यांचं पहिलं पूर्ण वाक्य.

तुझे गुडघे कसे आहेत? रविवारी फोन लावतो. तू काही विचारू नकोस, त्यांना बोलू दे.

तुझा,
थोरला